धाकटे अहो

शेवटचं म्हणाल तर आम्ही दोघं नवराबायको घेवडा निवडत बसलो होतो. लीड्समधलं आमचं स्वयंपाकघर, मागचं दार उघडं. ती शिरा काढायची, मी शेंगा मोडायचो. माझे तुकडे लांब झाले की ती बोलायची नाही, नुसती बघायची आणि परत मोडायची. गार्डनमध्ये मुलीचा धाकटा बादलीत माती कालवत होता.

"धाकटे अहो, मातीचे हात तोंडात घालायचे नाहीत!" ती आतूनच ओरडली.

"नाही घालत," तो म्हणाला, तोंडात हात घालूनच.

हे धाकटे अहो काय प्रकरण ते सांगतो. थोरला अहो मी.

मुलीनं आयरिश घरात लग्न केलं. व्याह्यांचे वडील रस्ते खणायला इकडं आले आणि इकडचेच झाले. माणसं भली, पण नावांच्या बाबतीत महाकंजूष. तीनचार नावं धरून बसलेत आणि तीच फिरवतात. विहीणबाईंना पूर्वज शोधायचा नाद. एकदा जेवणं झाल्यावर त्यांनी टेबलावर भलामोठा कागद पसरला. सगळी वंशावळ. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं.

"म्हणून तर मागचं सापडतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या मुलाचं नाव कळलं की त्याच्या आईचा बाप कोण, याचा अंदाज येतो."

"आणि एकाच नावाचे पाच भाऊबंद ओळखता कसे?" मी विचारलं.

"एक तांबडा, एक विहिरीजवळचा, एक चिडका."

आमची ही एवढी हसली! "यांच्या भावकीतसुद्धा तेच. एक चुलता जन्मभर बोकड्याच राहिला. खरं नाव त्याच्या बायकोलाच ठाऊक, आणि ती घेईना."

मग माझी पाळी. मी वडील सांगितले, आजोबा सांगितले, संपलं. कागदावर माझी फांदी बोडकी. विहीणबाई म्हणाल्या, "वर जात नाही तर खाली वाढवू." आणि माझ्या मुलीच्या पोटाकडं बोट केलं. तिला दुसरा व्हायचा होता, म्हणजे नाव माझं.

घरी येताना बसमध्ये ही फुगून बसलेली. "जिवंत माणसाचं नाव ठेवतात? आपल्यात माणूस गेल्यावर ठेवतात. तुम्हाला वाटेला लावायला निघालेत की काय?"

"ठेवू दे की."

"आणि मी हाक कशी मारू?"

तिच्या आईनं शिकवलेलं, नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. ते तिनं लीड्समध्येसुद्धा पाळलं. डॉक्टरकडं काउंटरवरच्या बाईनं नवऱ्याचं नाव विचारलं की ही माझ्याकडं बोट दाखवायची. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही इतकं भरभर की पोराटोरांच्या गोंगाटात मला ऐकूच आलं नाही. खरं सांगतो, मला ते ऐकायचं होतं. म्हातारपणी कसलं खूळ म्हणा, पण होतं. मी मनात म्हटलं, आता माझ्या नावाचा नातू येतोय, आता ही कुठं पळते बघू.

बारशाला विहीणबाईंनी त्यांच्या घरची जुनी लोकरीची शाल आणली, पाळण्यात घातली. बायका हिच्या मागं लागल्या, "आजीबाई, नाव घ्या, नाव घ्या!" मी पुढं सरकून बसलो. ही पाळण्याकडं बघून म्हणाली, "नाव पाळण्यात झोपलंय. ज्याला हवं त्यानं उचलून घ्या."

झालं. त्या दिवसापासून पोरगं धाकटे अहो. विहीणबाई खूश. एका नावाचे दोघं घरात म्हटल्यावर असं काहीतरी लागतंच, म्हणाल्या, आणि कागदावर त्याच्या नावाखाली तेही लिहून टाकलं.

तर घेवडा. निवडता निवडता मी वर बघितलं तर पोरगं फाटकावर चढलेलं, एक पाय पलीकडं, आणि रस्त्यानं व्हॅन येतेय. मी तोंड उघडायच्या आत ही उठली. मांडीवरच्या शेंगा चहूकडं. आणि तिनं हाक मारली. माझं नाव. अख्खं, ठणठणीत, शेतातून बांधावर मारावी तशी.

पोरगं जागच्या जागी थिजलं. व्हॅन निघून गेली. आणि मी खुर्चीतून म्हणालो, "ओ!"

ती वळली. "तुम्हाला नाही."

"मग कुणाला?"

तिनं पदर तोंडाला लावला आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी म्हटलं, "अगं, अजून एकदा."

"आधी शेंगा उचला."

मी गुडघ्यावर बसून उचलल्या. भाजी झाली, तिखट झाली, मी दोनदा घेतली.

त्या रात्री ती झोपेतच गेली.

सकाळी घर माणसांनी भरलं. विहीणबाई चहा करत होत्या. त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या गमती सांगतात, हसतातसुद्धा. त्यांनी पाळण्याची गोष्ट काढली आणि रडता रडता सगळी हसली. मीही. पण धाकटा आल्यापासून स्वयंपाकघरात टेबलाखाली जाऊन बसलेला. बाप बोलावतोय, मुलगी बोलावतेय, नाव घेऊन घेऊन. तो हलेना.

"आजी कुठे गेली?" एवढंच म्हणायचा.

मी टेबलाला धरून खाली वाकलो. "धाकटे अहो," मी म्हटलं, "चला बाहेर."

तो आला. मुठीत कालची एक शेंग, टेबलाखाली राहिलेली. मी तिची शीर काढली आणि मोडली. तुकडे लांब झाले. तो बोलला नाही. त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि परत मोडले.