व्हिएन्नाचा निर्जळी दौरा

कुठल्या देशात कुठल्या दिवशी काय बंद असतं, हे लोकांना सांगण्याचा मला पगार मिळत असे.

दुबईच्या देरा भागातल्या एका मालवाहतूक कंपनीत मी बारा वर्षं कागदपत्रं बघत होतो. माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक मोठा तक्ता होता. रॉटरडॅमला सुट्टी कधी, कोलंबोत पौर्णिमा कधी, कराचीत ईद कधी, सगळं तीन रंगांत. तक्ता माझ्या हातचा. मोठमोठे व्यापारी माल पाठवण्याआधी मला फोन करून विचारायचे, "देशपांडेसाब, मंडे को खुला है ना?" आणि मी मागे वळूनही न बघता उत्तर द्यायचो. एकदाही चुकलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

आम्ही शारजात राहायचो. मी, बायको शैला आणि तेव्हा नऊ वर्षांची असलेली लेक ऋता. शैला कडक शाकाहारी. पुण्याहून आली तेव्हा नुसतीच शाकाहारी होती, कडक ती इकडे येऊन झाली. आमच्या ऑफिसच्या एका पार्टीत 'व्हेज' अशी पाटी लावलेलं सूप ती दोन वाट्या प्यायली आणि वर आचाऱ्याचं कौतुक करायला गेली. त्या भल्या माणसानं खूश होऊन सांगितलं, की मॅडम, सगळी कमाल कोंबडीच्या हाडांची आहे. तेव्हापासून शैला हॉटेलात जेवायला जात नाही, चौकशीला जाते. तेल कुठलं, डाव कुठला, तो डाव आधी कशात होता. वेटर रडकुंडीला येतो, मी मेन्यूकार्डामागे तोंड लपवतो, शेवटी ती दहीभात मागवते आणि त्या दह्याकडेही संशयानं बघते. परिणाम एवढाच, की बारा वर्षं रोज दोन्ही वेळा तीच रांधत होती. (मी चहा करायचो. म्हणजे, पाणी ठेवायचो.)

नव्वदीच्या शेवटाची गोष्ट. लग्नाचा बारावा वाढदिवस आला आणि माझ्या अंगात आलं. म्हटलं, तुला युरोप दाखवतो. शैला म्हणाली, "येते. पण दोन अटी. चार दिवस मी गॅसजवळ जाणार नाही. आणि चार दिवस एकाही वेटरला एकही प्रश्न विचारणार नाही. पुढ्यात गरम ताट येईल आणि मी मुकाट जेवेन. जमत असेल तर चला."

आता हे युरोपात कसं जमायचं? मी हवालदिल झालो. तेव्हा माझ्या मदतीला धावला आमचा गोव्याचा फर्नांडिस. हा शेजारच्या टेबलावर बसायचा आणि त्याची बहीण व्हिएन्नात नर्स होती. तो खुर्ची जवळ ओढून अगदी हळू आवाजात म्हणाला (इकडे काही विषय तेव्हा हळूच बोलायचे असत), की तिथं ज्यू लोकांची कोशर, म्हणजे त्यांच्या धर्माचे नियम पाळणारी, हॉटेलं आहेत. त्यांच्यात दूध आणि मांस कधी एकत्र येत नाही. म्हणून काही हॉटेलं निव्वळ दुधातुपाची असतात. मांस उंबऱ्याच्या आत येत नाही, भांडी वेगळी, आणि सगळं नीट पाळतात की नाही ते बघायला माणूस नेमलेला.

घरी येऊन सांगितलं तर शैलाचे डोळे चमकले. "म्हणजे सोवळ्यातलं हॉटेल," ती म्हणाली. परक्या मुलखात कुणीतरी आपल्याइतकंच भांड्यांवरून डोकं खातं, याचा तिला फार आधार वाटला.

फर्नांडिसच्या बहिणीनं एका हॉटेलचा मेन्यू फॅक्सनं पाठवला. पनीर भरून दुमडलेली घावनं, वर आंबट साय. मश्रूमचं सूप. बटाट्याचे वडे. शैलानं तो कागद फ्रिजवर लावला आणि येताजाता वाचू लागली. मी आखणीला बसलो. सगळं प्रेक्षणीय व्हिएन्ना त्या हॉटेलाभोवती गुंफलं. राजवाडा, मग घावनं. प्रसिद्ध आकाशपाळणा, मग सूप. एक गोष्ट मात्र मी मुद्दाम खात्री करून घेतली. बारा वर्षं आखातात काढलेला माणूस मी, पहिला प्रश्न विचारला तो शुक्रवारचा. शुक्रवारी बंद तर नसतं? बहिणीचा निरोप आला, दोन वाजेपर्यंत उघडं. म्हटलं वा, म्हणजे इथल्या दुकानांसारखंच, अर्धा दिवस. शनिवारचं मला कुणी आपणहून सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्याकडे शनिवार म्हणजे आठवड्याचा पहिला दिवस, सगळं जग कामाला लागतं. त्याच्यात विचारायचं काय?

निघायच्या दिवशी दारात शैलाच्या हातात एक पिशवी दिसली. दशम्या, दाण्याची चटणी, मेतकूट, तांदूळ, तुपाची बाटली आणि छोटा विजेचा कुकर. माझा अपमान झाला.

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"विश्वास आहे हो. ही नुसती असू दे."

मी ती पिशवी स्वतःच्या हातानं काढून घेतली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. वर म्हणालो, आता हिच्याकडे वळूनही बघायचं नाही. ऋताला शेजारी सोडलं आणि आम्ही निघालो.

शुक्रवारी सकाळी व्हिएन्नात उतरलो. रात्रभर विमानात झोप नव्हती, मुक्कामाच्या हॉटेलवर गेलो तेव्हा अकरा वाजले होते. शैला म्हणाली, आधी जेवून येऊ या का? मी म्हटलं, शुक्रवार आहे, जरा आडवं होऊ, मग बघू. शुक्रवारी दुपारी झोपायची बारा वर्षांची सवय. जाग आली तेव्हा चार वाजले होते. मी बेफिकीर. उद्या शनिवार, सकाळपासून सगळं उघडेल. स्टेशनजवळून सहा केळी आणली. शैलानं तीन केळी हसतमुखानं खाल्ली, ते तिचं त्या दौऱ्यातलं शेवटचं हसू.

शनिवारी सकाळी राजवाडा पाहिला. राजवाड्यात म्हणे चौदाशे की किती खोल्या आहेत, शैलानं त्यातल्या एकीतही मन घातलं नाही. ती सारखं घड्याळ बघत होती. साडेबाराला आम्ही त्या कोशर हॉटेलच्या दाराशी पोचलो. दार बंद. पडदे ओढलेले. आत अंधार.

रस्त्यानं एक आजोबा चालले होते, काळी टोपी, काळा झुळझुळीत कोट, पांढरी दाढी. त्यांना विचारलं. त्यांनी फार अदबीनं तोडक्या इंग्रजीत समजावलं, की आज शब्बाथ. काल सूर्य मावळल्यापासून आज सूर्य मावळेपर्यंत आम्ही विस्तव पेटवत नाही. कुणाच्याच घरी नाही, हॉटेलात तर नाहीच.

मी खिशातला फॅक्सचा कागद काढून पुन्हा वाचू लागलो. शैलानं मात्र वेगळाच मुद्दा धरला. "म्हणजे यांच्या बायका दर आठवड्याला एक दिवस गॅस पेटवत नाहीत?"

"हो, पण आपण आता जेवायचं काय?"

"दर आठवड्याला?" ती पुन्हा म्हणाली, आणि त्या बंद दाराकडे आदरानं बघत राहिली.

आजोबा बोट वर करून म्हणाले, "बट टुमॉरो..." मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "टुमॉरो, टुमॉरो, थँक्यू," म्हणत त्यांचा हात जोरजोरात हलवला आणि निघालो. त्यांना पुढे काय म्हणायचं होतं ते मला चोवीस तासांनी कळलं.

मग सुरू झाले माझे हाल. पावाच्या दुकानात गेलो, तर पावाला चकाकी कसली, अंड्याची की चरबीची? दह्याच्या डब्यावर बारीक अक्षरांत जर्मन. वेटरला प्रश्न विचारायचा नाही ही अट शैला कसोशीनं पाळत होती, त्यामुळे ते सगळे प्रश्न ती मला विचारत होती. शेवटी रस्ता विचारून येतो म्हणून मी एका कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरलो आणि उभ्या उभ्या एक सफरचंदाची करंजीवजा वस्तू खाल्ली. परत आलो तर शैलानं माझ्याकडे शांतपणे बघितलं. "रस्ता गोड होता का?" मिशीवर पिठीसाखर होती. खरं सांगतो, मला स्वतःचीच लाज वाटली. बारा वर्षांत त्या बाईनं मला उपाशी ठेवून एक घास खाल्ला नव्हता.

रविवार. साऱ्या शहराची दुकानं बंद, कारण रविवार. केळीवाल्याचंसुद्धा फडकं ओढलेलं. जवळ एकच केळं उरलेलं. पण त्या कोशर हॉटेलचं दार अर्धं उघडं होतं. मला रडू यायचं बाकी होतं. आत एक म्हातारी मालकीणबाई कापडी जोडे घालून ठेंगण्या स्टुलावर बसली होती. टेबलं उघडी, चुली थंड. मी फॅक्सचा कागद पुढे केला. तिनं मान हलवली आणि म्हणाली, आमचं प्राचीन देऊळ पाडलं गेलं त्याच्या दुःखाचा दिवस आज पाळतो. आज उपास.

मी शैलाला सांगितलं आणि तोंड लपवायला जागा शोधू लागलो. शैलाचा चेहरा मात्र दोन दिवसांत पहिल्यांदा उजळला.

"अहो, उपास ना? मग तर प्रश्नच मिटला. उपासाचं काय काय आहे ते विचारा."

मी विचारलं. खरोखर विचारलं. उपासाला तुम्ही काय करता? म्हातारीनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की ती मी आजही विसरलेलो नाही. "काही नाही," ती म्हणाली. "पाणीसुद्धा नाही."

"निर्जळी," शैला पुटपुटली. तिनं म्हातारीला वाकून नमस्कार केला. बाहेर आल्यावर माझ्या हातातलं केळं काढून घेतलं, पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, "तसेही उपाशीच आहोत. मग नीट उपास तरी करू. आज पाणीसुद्धा नाही. तुम्हीही."

मी म्हटलं, अगं, हा आपला उपास नाही. ती म्हणाली, भूक तर आपलीच आहे ना? तिकिटं आधीच काढलेली असल्यामुळे दुपारी आम्ही त्या प्रसिद्ध आकाशपाळण्यात बसलो. वर गेल्यावर म्हणे सगळं शहर दिसतं. मला फक्त खालच्या खाण्याच्या गाड्यांवरचा धूर दिसत होता. मी डोळे मिटून घेतले. बारावा वाढदिवस असा साजरा होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी अकराव्यावरच थांबलो असतो.

सोमवारी दुपारी एकचं विमान. हॉटेल उघडणार साडेअकराला, आम्हाला शहर सोडायचं साडेदहाला. तरी जाता जाता टॅक्सी तिथं थांबवली. आत दिवे लागले होते, लोण्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता. शैला काचेला नाक लावून उभी राहिली. म्हातारीनं तिला ओळखलं, बाहेर आली, भट्टी आत्ताच पेटवली म्हणाली, अर्धा तास थांबा. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. म्हातारी हळहळली, आत गेली आणि शैलाच्या हातात एक छापील कॅलेंडर ठेवलं. हॉटेल कुठल्या दिवशी बंद ते लाल रंगात. पुढच्या वेळी बघून या, म्हणाली. म्हणजे नेमका तक्ताच, जो मी जगाला करून देत होतो. शैलानं ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं. विमानात शाकाहारी जेवण आधी सांगून ठेवायला लागतं. ते काम माझ्याकडे होतं.

शारजातलं घर चार दिवस एसीविना तापलेलं. टेबलावर पिशवी तशीच. दशम्यांना हिरवी बुरशी आली होती. शैला पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसली, चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"अहो, अटी दोन होत्या," ती एवढंच म्हणाली. आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी पिशवीतला कुकर काढला. तांदूळ धुतले, पाणी किती घालायचं ते तिला विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. भात खालून लागला, वरून गिचका झाला. त्यावर तूप आणि मेतकूट घालून ताट तिच्यापुढे ठेवलं. ती तीन वेळा भात घेऊन जेवली. गॅसजवळ गेली नाही, आणि त्यात काय आहे, डाव कुठला, एक प्रश्न विचारला नाही. जेवून झाल्यावर म्हणाली, "यासाठी व्हिएन्नाला कशाला जायला हवं होतं?"

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात म्हातारीचं कॅलेंडर लागलं. त्यावर शैलानं स्वतःच्या अक्षरात भर घातली होती. शुक्रवार, इथली सुट्टी, स्वयंपाकघर बंद. शनिवार, त्यांचा, विस्तव पेटवायचा नाही. रविवार, ख्रिश्चनांचा. मी म्हटलं, हे जरा जास्त होतंय. ती म्हणाली, सगळ्यांचा मान राखायला हवा, आणि तुमच्यासाठी तर कुठलीच सुट्टी लाल केलेली नाही.

तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस भात मी लावतो. आता तो लागत नाही. परवा लग्नाचा विसावा वाढदिवस झाला, बरोबर शनिवारी. ऋता कॉलेजातून सुट्टीला घरी आली आणि मला कुकरसमोर बघून म्हणाली, "बाबा, एव्हरीवन हॅज अ टू-डे वीकेंड. व्हाय डू यू वर्क थ्री?"

मी म्हटलं, "बेटा, आम्ही युरोप बघून आलोय."