जितूने किनाऱ्यावर काढलेली घरं

आमच्या खालच्या वाडीतला जितेंद्र म्हणजे सरळ माणूस, पण छंद बघा कसला! मालवण बाजारात त्याचा कॉम्प्युटर क्लास. संध्याकाळी पोरं गेली की हा उपग्रहाचा फोटो उघडून बसायचा आणि त्यावर घरं काढायचा. नकाशात आमची वाडी नुसती हिरवी दिसते, इथे माणसं राहतात हे कोणाला कळणार, म्हणून. पुण्या-मुंबईकडची आणखी मंडळीही आपापल्या घरी बसून इंटरनेटवर हेच करायची. पैसा एक मिळत नव्हता. लग्नाचं वय टळत चाललेलं आणि हा घरं काढतोय, तीही दुसऱ्यांची!

नकाशा झाला तेव्हा वाडी हसून लोळली. फोटो होता पावसाच्या तोंडावरचा. तेव्हा होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या असतात. वरून बघितलं की सगळी छपरंच. जितूने त्या होड्यांचीच किनाऱ्यावर घरं केलेली! माझे सासरे, दाजी, त्याला म्हणाले, "माझ्या होडयेक घरपट्टी लावतलंस की काय रे?" तो लाजला. दुरुस्त करतो म्हणाला, पण नकाशाची प्रत आधीच तालुक्याच्या कचेरीत गेलेली, आणि मग क्लासच्या परीक्षांत ते राहूनच गेलं.

२००९च्या नोव्हेंबरात वादळ आलं. आम्ही सगळी वरच्या देवळात गेलो. माझे यजमान गोव्याला कामाला. देवळात बघते तर दाजी नाहीत! होडी बांधायला खाली गेले असणार, मेला तो हट्टी स्वभाव. मी धावत सुटले, पण माड पडून वाट बंद झालेली. बायकांनी मला धरून बसवलं.

मदतीची माणसं कुडाळकडून आली, ती दुसऱ्या बाजूने, किनाऱ्याकिनाऱ्याने. त्यांना इथलं काही ठाऊक नाही, हातात कचेरीतून मिळालेला जितूचा तोच नकाशा. एकेक घर बघत निघाली, तशी ती होड्यांची घरंही बघायला गेली. तिथे उलटलेल्या होडीखाली पाय अडकून दाजी पडले होते आणि पाणी छातीशी आलेलं. त्यांना उचलून देवळात आणलं तेव्हा, रवळनाथाची शपथ, मी त्या माणसांच्या पायाच पडले.

पाय बरा झाल्यावर दाजी मला घेऊन जितूच्या क्लासात गेले. आम्हाला बघून तोच ओशाळला. "दाजीनू, ता माझा चुकलेला. आजच पुसतंय."

मी भडकले. "हात लावून बघ! त्याच घरांनी माझे सासरे वाचवले!"

"वयनी, पुढच्या वादळात माणसा थंयच सोदीत रवली, तर खऱ्या घरातलो कोण तरी मरतलो."

खरंच की, होड्यांशी शोधत बसले तर घरातला माणूस जायचा. कोण कुठला माणूस, अजून संकटात पडलाही नाही, त्याचीही याला काळजी. देवा, याला सुखात ठेव रे बाबा.

दाजी पुढे सरकले. "पूस. पण आधी माका दाखय."

जितूने दाखवलं. दाजींनी आपल्या होडीच्या त्या घरावर बोट टेकवलं, ते कपाळाला लावलं आणि म्हणाले, "पूस आता."