डावीकडचा दांडा

आर्लिस हौगेन दुकानात शिरली आणि म्हणाली, "काडतुसं भरायचं दाबयंत्र दाखव."

"अगं, व्हर्लिनकडे आहे की! त्याला काय धाड भरलीय?" मी बोललो आणि जीभ चावली. तिच्या नवऱ्याला, व्हर्लिनला, जानेवारीत अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला होता. सगळ्या गावाला ठाऊक, मलाही ठाऊक. पण तोंड सुटलं.

आमच्या मोंटानात हजार यार्डांवर नेम धरणारा माणूस विकतचं काडतूस वापरत नाही. पितळी पुंगळी घ्यायची, बंदुकीची दारू तोलून भरायची, वर गोळी दाबून बसवायची. गोळी किंचित वाकडी बसली की तिकडे नेम हुकलाच. हौगेनांच्या घरी नेम बायकोचा आणि भरणं नवऱ्याचं. ती स्पर्धा जिंकायची, हा मागे सूर्यफुलाच्या बिया चघळत उभा. "गोळ्या बऱ्या होत्या," एवढंच म्हणायचा. आपल्याच कामाचं कौतुक, दुसरं काय!

"आता गॅरेजमध्ये पाऊल टाकत नाही," आर्लिस म्हणाली. "सगळं विकून टाक म्हणतो. विकलं ना, तर तो टीव्हीसमोरच्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही."

मी आपला माल काढला. एका दमात चार कामं करणारं, चकचकीत. "झटपट होतं," म्हटलं.

"झटपट कुणाला हवंय?"

ती प्रत्येक यंत्राचा दांडा डाव्या हाताने ओढून बघत होती. उजवा हात कोटाच्या खिशात. मी विचारलं, "खांदा धरलाय का गं?"

"माझा नाही."

मग डोक्यात प्रकाश पडला. मी जुन्या धाटणीचं, दणकट यंत्र काढलं. एका वेळी एकच काम करणारं, पण दांडा डावीकडे बसवता येणारं. तिने ओढून पाहिलं आणि विचारलं, "दांडा एका हाताने ओढेल. गोळी कोण धरणार?" बरोबर होतं तिचं. यंत्रात बसवायच्या साध्या साच्यात गोळी पुंगळीच्या तोंडावर बोटांनी धरावी लागते. म्हणून बाजूला खिडकी असलेला साचा दिला. खिडकीतून गोळी आत सोडायची, ती आपोआप उभी राहते. दारू तोलायला मोठ्या आकड्यांचा काटाही तिने घेतला.

रविवारी चर्चनंतर मी यंत्र बसवायला गेलो. तिने व्हर्लिनला जवळजवळ ढकलतच गॅरेजमध्ये आणलं.

"हे खेळणं कुणाचं?" तो गुरगुरला.

"दारू मी तोलते, दांडा तू ओढ."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"बाळ असतास तर निमूट ऐकलं असतंस. ओढ!"

त्याने गोळी खिडकीतून सोडली. पहिल्यांदा ती खाली पडली. दुसऱ्यांदा बसली. डाव्या हाताने दांडा ओढला, तो मध्येच अडखळला, मग खाली आला. कपाळावर घाम. आर्लिसने काडतूस उचललं, गोळी सरळ बसली का ते दाखवणाऱ्या डायलवर ठेवून फिरवलं. डायलची सुई चांगलीच हलली. मला दिसलं. मनात म्हटलं, बाई, आज खोटं बोल. तिने तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "पहिलंच आहे. सरावाला चालेल की!"

"वाकडी बसलीय," आर्लिस म्हणाली आणि काडतूस बाजूला ठेवलं. "ही मी वापरणार नाही."

मला तिचा असा राग आला! आजारी माणूस, एवढी धडपड केली, आणि ही? व्हर्लिनने डावा हात पुढे केला. मग म्हणाला, "दाखव." डायलवर वाकून त्याने स्वतः काडतूस फिरवलं. बराच वेळ.

"वाकडीच आहे," तो म्हणाला. "मी अर्ध्यात थांबलो. दुसरी पुंगळी भर." मग माझ्याकडे वळला. "आणि तू घरी जा रे. म्हणे चालेल! तुझ्यासारख्यांच्या भरवशावर ही बाई शेवटून पहिली आली असती."

आर्लिस पाठ करून काट्यावर दारू तोलत होती. तिचे खांदे हलत होते, आणि दारू सांडत होती.

"सांडू नकोस," व्हर्लिन म्हणाला. "नीट तोल."