कापडाच्या आतलं नाव

तिसऱ्या राउंडअबाउटपाशी मोरेनिके थांबली आणि छत्रीच्या टोकाने डांबरावर एक वर्तुळ काढलं.

"इथे तो गोल फिरणार. कापडं उडाली की चारी बाजूंनी आठ फूट मोकळे लागतात. लिही, मामा ओवी."

सुनेत्राने वहीत लिहिलं. टार्निट स्टेशनपासून निघून पाऊण तास झाला होता आणि तळ्याकाठचं मैदान अजून दोन किलोमीटर लांब होतं. पुढच्या शनिवारी उपनगराचा वार्षिक उत्सव. त्याची मिरवणूक याच रस्त्याने जायची होती, म्हणून दोघी आज रस्ता पावलांनी मोजत निघाल्या होत्या. सुनेत्राला तसंही डॉक्टरने साखरेसाठी रोज चालायला सांगितलं होतं. पण मोरेनिकेबरोबर चालणं म्हणजे नुसतं चालणं नसे. ती चालता चालता वाटेतल्या घरांना, कुत्र्यांना आणि कचऱ्याच्या डब्यांना नावं ठेवत असे.

दोघी एकाच वृद्धाश्रमात काम करत. सुनेत्रा किचनमध्ये, मोरेनिके केअरर. वयाने ती सुनेत्रापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, म्हणून सुनेत्रा तिला पहिल्यापासून ताई म्हणायची. मोरेनिकेला ते फार आवडलं. "आमच्यातही मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत," ती म्हणाली होती. "पोराच्या नावाने मारतात. मी मामा कुन्ले, म्हणजे कुन्लेची आई. तुझी मुलगी ओवी ना? मग तू मामा ओवी." सुनेत्राच्या कुडाळकडच्या गावात तिच्या आईला सगळे 'सुनेत्राची आई' म्हणत. त्यामुळे हे नाव तिला पहिल्याच दिवशी अंगाबरोबर बसलं.

वृद्धाश्रमात मात्र मोरेनिकेला नावासाठी भांडावं लागलं. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरने तिच्या बॅजवर 'मोना' छापून आणलं. म्हणे, रेसिडेंट्सना सोपं पडेल. तिने तो बॅज टेबलावर उलटा ठेवला. "तुम्ही सगळे ऑस्ट्रेलियन एका उपनगराला वूलूमूलू म्हणता ना? कसलीही अडचण न येता? मग मोरेनिकेला काय झालं? ते तर लहान आहे." मॅनेजरला हसू आवरेना. दोन दिवसांत नवीन बॅज आला.

एवढी ठाम बाई गेला आठवडाभर मात्र मनातून धास्तावली होती. कारण होता एगुन्गुन.

एगुन्गुन म्हणजे योरुबा लोकांचे गेलेले वाडवडील. काही घराण्यांत वर्षातून एकदा ते लेकरांना भेटायला येतात. डोक्यापासून पायापर्यंत रंगीत कापडी पट्ट्यांचे थरावर थर, तोंडाच्या जागी विणलेली जाळी. बोट दिसत नाही की नख दिसत नाही. आत कोणीतरी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कोण ते विचारायचं नाही. बायकांनी तर नाहीच नाही. बायकांनी पुढे होऊन घराण्याची स्तुती गायची. मोरेनिकेच्या माहेरी, नायजेरियातल्या इसेयिन गावात, बाप मागावर बसून अरुंद पट्टे विणायचा आणि दरवर्षी त्यातला एक नवा पट्टा एगुन्गुनच्या अंगावर चढायचा. बाप गेला तेव्हा कोविड होता, सीमा बंद. तिने अंत्यविधी फोनवर पाहिला, तोही मधे मधे अडकत. गेल्या वर्षी तिच्या नात्यातले म्हातारे आदिगुनबाबा गावी जाऊन घराण्याच्या परवानगीने एक एगुन्गुन इकडे घेऊन आले. सध्या तो जवळच्या वेरिबीला त्यांच्या बंद गॅरेजमध्ये होता. यंदा तो पहिल्यांदा बाहेर पडणार होता.

चौथ्या राउंडअबाउटच्या अलीकडे फोन वाजला. उत्सवाच्या ऑफिसातली बाई होती. मोरेनिकेने फोन स्पीकरवर टाकला.

"हाय मोरेनिके. फॉर्ममध्ये परफॉर्मरचं नाव रिकामं आहे. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि ओळखपत्र हवं. शुक्रवारी पाचपर्यंत आलं नाही तर मला तुम्हाला यादीतून काढावं लागेल. सॉरी, पण तोंड झाकलेला माणूस गर्दीत, मुलांच्या जवळ. इन्शुरन्सवाले ऐकत नाहीत."

"तो परफॉर्मर नाही," मोरेनिके म्हणाली. "आणि त्याचं नाव मलाही माहीत नाही."

"म्हणजे? ग्रुप तुमचाच ना?"

"ग्रुप माझा. तो माझा नाही. मी त्याची."

पलीकडून "शुक्रवार, पाच वाजता" एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

"गेल्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेत आमच्याबद्दल काय छापलं होतं आठवतंय?" मोरेनिके तरातरा चालू लागली. "आफ्रिकन ड्रमिंग, दहा मिनिटं! उद्या तुमच्या गणपतीला 'आशियाई मूर्ती' छापतील, मग कळेल तुला."

सुनेत्राला वाटलं, एवढं काय त्यात. तिने सरळ तोडगा काढला. "ताई, एक नाव ठोकून दे ना. माझा भाचा तनय आहे, लायसन्सची कॉपी देईल. कोण बघायला येतंय आत कोण आहे?"

मोरेनिके जागच्या जागी थांबली. छत्री तिने अशी धरली की सुनेत्रा दोन पावलं मागेच सरली.

"माझ्या बापाच्या बापाला तुझ्या भाच्याच्या लायसन्सवर चालवू? खोटं नाव घेऊन यायला तो काय चोर आहे? माझ्या चर्चचा पास्टर म्हणतो सैतान, ऑफिस म्हणतं परफॉर्मर, माझा स्वतःचा कुन्ले म्हणतो मम्, लोक हसतील. आता तू म्हणतेस तनय!"

दोघी पुढे चालत राहिल्या. एका बाजूला नव्या घरांची एकसारखी गॅरेजं, दुसऱ्या बाजूला वाळलेल्या गवताचं माळरान. सुनेत्राला तोंडात मारल्यासारखं झालं होतं. रोज सकाळी दिवा लावल्याशिवाय चहा न घेणारी ती, आणि दुसऱ्याच्या देवासाठी तिने चुटकीसरशी खोटं सुचवलं.

तळं दिसायला लागलं तेव्हा तीच बोलली. "आमच्याकडे दसऱ्याला देवाची तरंगं निघतात. उंच खांब, त्यांना लुगडी नेसवलेली. ज्याच्या खांद्यावर तरंग असतं त्याच्या अंगात देव येतो. मी सात वर्षांची असताना ते माझ्या मामाच्या खांद्यावर होतं. मला वाटलं मामाच आहे तो. मी गर्दीतून ओरडले, मामा! आईने थोबाडीत ठेवून दिली. म्हणाली, मामा नाय तो आता, देव आसा."

मोरेनिकेने तिच्याकडे पाहिलं. "लागलं होतं?"

"चांगलंच."

"बरं झालं. मग तुला समजतंय." आणि ती इतकी मोठ्याने हसली की तळ्यातली बदकं पाण्यावरून उडाली.

तिथल्याच बाकावर बसून सुनेत्राने दुसरा तोडगा काढला. या वेळी नीट विचार करून. ऑफिसला खरी भीती कशाची? आतला माणूस कोसळला तर काय, आणि तो कोणी भलता निघाला तर काय. सुनेत्राकडे फर्स्ट एडचं सर्टिफिकेट होतं, पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला होता. नाव बंद लिफाफ्यात तिच्याकडे राहील. वेळ आलीच तर अॅम्ब्युलन्सवाल्यांना ती सांगेल, दुसऱ्या कोणाला नाही.

"पण नाव तुला कळणार," मोरेनिके म्हणाली. "तू बाई."

"ते आदिगुनबाबांना विचार."

आदिगुनबाबा पूर्वी टॅक्सी चालवायचे. त्यांनी गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं आणि बाहेर येऊन दोघींचं ऐकलं. मोरेनिके त्यांच्यासमोर गुडघ्यावर टेकली होती, पण आवाज काही टेकलेला नव्हता. "बाबा, या अख्ख्या वस्तीत फर्स्ट एड येणारा असा एक पुरुष दाखवा जो आत बघितलेलं फेसबुकवर टाकणार नाही. मग मी त्याला आणते."

बाबा सुनेत्राकडे वळले. "तोंड बंद ठेवता येतं का?"

"सासूबाई दरवर्षी पुण्याहून लोणचं पाठवतात. मी ते दरवर्षी शेजारी देते. सोळा वर्षं झाली, त्यांना ताकास तूर लागू दिलेली नाही."

बाबांच्या मिशा हलल्या. ते म्हणाले, "आमच्या गावातही एक बाई असायचीच, जिला आत जायची परवानगी होती. एकच. आणि तिच्याकडून कधी शब्द बाहेर आला नाही."

शुक्रवारी चार वाजता दोघी ऑफिसात. तिथल्या बाईने सुनेत्राचं सर्टिफिकेट पाहिलं, फोनवर कोणाला तरी विचारलं आणि मान डोलावली. पण स्क्रीनवरचा नावाचा रकाना काही केल्या रिकामा पुढे सरकेना.

"लिही, एगुन्गुन," मोरेनिके म्हणाली. "आडनाव इसेयिन."

"जन्मतारीख?"

"तो जन्मत नाही. येतो."

बाई हसली. पण तिने जिथे जागा होती तिथे टाइप केलं: 'माहिती फर्स्ट एडरकडे'.

"आणि ते आफ्रिकन ड्रमिंग खोड," मोरेनिके म्हणाली. "पूर्ण लिही. इसेयिनच्या योरुबा लोकांचा एगुन्गुन. जागा कमी पडली तर स्पॉन्सरचं नाव लहान कर."

शनिवारी सकाळी बाबांनी सुनेत्राच्या हातात लिफाफा दिला. तिने देवाचं नाव घेऊन तो उघडला, आतली चिठ्ठी वाचली, पुन्हा बंद केला आणि कमरेच्या पाऊचमध्ये ठेवून चेन लावली. चेहरा तिने असा ठेवला होता, जणू आत लाँड्रीची पावती आहे.

मिरवणूक निघाली. पुढे ढोल, ते बोलणारे ढोल, काखेत आवळले की माणसासारखा सूर बदलणारे. मागे एकाच निळ्या कापडाचे पोशाख केलेल्या चाळीस बायका. त्यांच्यात सगळ्यात पुढे मोरेनिके, डोक्यावर बांधलेलं कापड हातभर उंच. आणि मग तो. बाजूने हातात लांब छड्या घेतलेले पुरुष, कोणी अंगाला लागू नये म्हणून. रस्त्याकडेच्या लोकांतून कोणीतरी ओरडलं, "हू इज इट, मेट?" मोरेनिके गाता गाता वळली आणि म्हणाली, "माझा आजा! तुझा कुठे आहे?"

तिच्या चर्चमधल्या दोन बायका फुटपाथवर हाताची घडी घालून उभ्या होत्या. मोरेनिकेने त्यांना हात केला. "उद्या चर्चमध्ये भेटू, सिस्टर! माझी जागा धरून ठेवा!"

कुन्ले शिफ्टला जातो म्हणून सकाळीच बाहेर पडला होता. आदिगुनबाबांचे दोन्ही जावईही कुठे दिसत नव्हते, आणि वीणकाम शिकायला येणारा तो उंच पोरगाही. सुनेत्रा फर्स्ट एडची पिशवी घेऊन मागे चालत होती, आणि कोणाकडेच जास्त बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

तिसऱ्या राउंडअबाउटला तो फिरला. पट्ट्यांचे थर चारी बाजूंनी छत्रीसारखे उघडले. त्या वाऱ्याने पुढच्या रांगेतल्या मुलांचे केस उडाले. बायका म्हणत होत्या, तो वारा म्हणजेच आशीर्वाद. मग तो थांबला, मोरेनिकेसमोर आला, आणि घशातून निघालेल्या, माणसाच्या न वाटणाऱ्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आबेके."

मोरेनिके भर डांबरावर धाडकन गुडघ्यांवर बसली. ढोल एकदम हळू झाले.

मैदानात सगळं पार पडल्यावर सुनेत्रा तिला पार्किंगमधल्या सावलीत घेऊन आली. गाडीचं दार उघडं ठेवून मोरेनिके सीटवर आडवी बसली. दोन्ही गुडघे सोलले होते. सुनेत्रा कापसाने ते पुसत होती. लाउडस्पीकरवरून ऑफिसच्या बाईचा आवाज येत होता. तिने 'इसेयिनच्या योरुबा लोकांचा' हे शब्द अडखळत, पण पूर्ण उच्चारले.

"आबेके हे माझं लाडाचं नाव," मोरेनिके म्हणाली. "जन्मल्यावर ठेवलेलं. बाप तेवढ्याच नावाने हाक मारायचा. इथे ते आदिगुनबाबांना माहीत आहे. कुन्लेला एकदाच सांगितलं होतं, तो दहा वर्षांचा असताना. तो मोबाइल बघत होता."

सुनेत्राने पट्टी चिकटवली. पाऊचची चेन आपल्या दोघींच्या मधे आहे हे तिला जाणवत होतं, आणि मोरेनिकेलाही.

"अजून घट्ट लाव," मोरेनिके म्हणाली. मग तिने सुनेत्राचं मनगट धरलं. "मी आत्ता विचारत नाहीये. माझा बाप आला होता, मी त्याच्या पाया पडले, संपलं. पण मी मला ओळखते, मामा ओवी. कधीतरी मी विचारणार. ख्रिसमसला, नाहीतर कुन्लेशी कडाक्याचं भांडण झाल्यावर, नाहीतर म्हातारपणी तुझ्याच किचनसमोरच्या खोलीत पडून असताना. रडेन, शपथा घालेन, तुला शिव्या देईन. आईला कळायला नको का, असं म्हणेन." तिने मनगट सोडलं नाही. "तेव्हा सांगू नकोस."