आवाज येतो, चित्र येत नाही

वृंदा गेल्याची बातमी मला एका विनंतीच्या आडून कळली. दुपारी कंपनीत डिस्पॅचची चलनं तपासत बसले होते, तेव्हा तिच्या नवऱ्याचा, प्रशांतचा फोन आला. “कल्पनाताई, जरा घरी जाऊन आईजवळ बसाल का? समोरच्या गुजराती बेन सकाळपासून बसल्यात, त्यांना आता जायचंय.” मी म्हटलं, निघते लगेच, पण वृंदा कशी आहे? आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरात कोसळली होती आणि तिला वापीच्या दवाखान्यात हलवलं होतं, एवढं मला माहीत होतं. तो म्हणाला, “वृंदा गेली, ताई. इथलं सगळं आटपायला वेळ लागेल...” आणि मग पुन्हा, “आईला उठल्यावर चहा लागतो. साखर कमी.” त्याचा राग यावा असं त्यात काही नव्हतं. गेली कित्येक वर्षं त्या घरातला पहिला प्रश्न एकच होता, आईजवळ कोण बसणार, आणि तो त्या दिवशीही सुटला नव्हता.

आम्ही दोघी एकाच इमारतीत, ती तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. मी धुळ्याची, सिल्वासाला आल्याला आता निम्मं आयुष्य होईल. ती नाशिकची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, लग्नाआधी एका स्टुडिओत लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायची. प्रशांत दादऱ्याच्या एका प्लास्टिक कारखान्यात मेंटेनन्सला, म्हणून ती इथे आली. इथेही काहीतरी सुरू करू, असं म्हणत होती. तेवढ्यात सासरे वारले आणि सासूबाई सिन्नरहून कायमच्या इकडे आल्या. वर्षभरात त्यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. एकदा त्या कुणाला न सांगता घराबाहेर पडल्या आणि अथालच्या रस्त्यावर सापडल्या. हातात रिकामी पिशवी, आणि टेम्पोवाल्यांना विचारत होत्या, सिन्नरची गाडी कुठे लागते? त्या दिवसापासून जाळीच्या दाराला आतून कुलूप लागलं. किल्ली वृंदाच्या गळ्यात, मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात. प्रशांत सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. थोरले दीर पुण्याला, ते फोन करायचे. कामाला ठेवलेल्या बायका टिकायच्या नाहीत, कारण सासूबाई त्यांना चोर म्हणायच्या. घरात उरली वृंदा.

संध्याकाळ झाली की सासूबाई अस्वस्थ व्हायच्या. येरझारा, दाराला धक्के, ‘मला घरी जायचंय’चा घोष. त्यांना शांत करणारी एकच गोष्ट होती. नणंदेच्या लग्नाची जुनी कॅसेट कुणीतरी सीडीवर उतरवून घेतली होती, ती पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीला लावायची. त्यात पंगतीच्या वेळी सासरे कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, “अहो, त्या शूटिंगवाल्याला आधी जेवू घाला, सकाळपासून उभा आहे.” आणि सासूबाई खुर्चीतून रोज उत्तर द्यायच्या, “घातलं हो, घातलं.” मग त्या स्वतः जेवायच्या.

एका उन्हाळ्यात लाइटच्या झटक्याने तो टीव्ही जळाला. प्रशांतने नवा, मोठा आणला. पेन ड्राइव्ह लावला तर आवाज येतो, चित्र येत नाही. काळा पडदा, आत सनई. सासूबाई टीव्हीच्या मागे जाऊन नवऱ्याला शोधायला लागल्या. बाजारातल्या एका दुकानात फाइल बदलून आणली. चित्र आलं, पण चेहरे दाबल्यासारखे रुंद, आणि बोलणं आधी, ओठ नंतर. लग्न पुढे सरकेल तसं ते अंतर वाढत जायचं. पंगतीपर्यंत सासरे तोंड मिटून बोलत होते. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्या बाईला एवढं कुठे कळतंय. सासूबाईंनी नीट पाहिलं आणि त्या म्हणाल्या, “हे ते नाहीत. यांचं तोंड खोटं बोलतंय.” आणि ताट सारलं. तीन-चार दिवस त्यांच्या पोटात नीट अन्न गेलं नाही. रात्र रात्र दार वाजायचं, ते मला खाली ऐकू यायचं.

वृंदाने माळ्यावरून जुना लॅपटॉप काढला. मी तिला विचारलं, एवढं काय बिनसलंय? ती म्हणाली, “ताई, डबा ओळखीचा आहे, आतली भाजी टीव्हीला खाता येत नाही. आवाज एक तऱ्हेने भरलाय, चित्र दुसऱ्या. हा टीव्ही आवाज उघडू शकतो, ती जुनी चित्राची तऱ्हा त्याला येत नाही.” दुकानदाराने तऱ्हा बदलली, पण कॅसेटचा सेकंदाला किती चित्रं हा हिशेब चुकवला, म्हणून ओठ मागे पडत गेले. बिघडलेली कॉपी दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, मूळ सीडी हवी, असं ठरवून तिने नणंदेला फोन केला. सीडी कुरिअरने आली, तिच्यावर ओरखडे होते. सासूबाई दुपारी झोपल्या की वृंदा बसायची. एकदा चित्र कंगव्याच्या दातांसारखं फाटलं, एकदा रंग गेले, एकदा सगळं नीट आणि टीव्हीच म्हणाला, चालत नाही. शेवटी एका संध्याकाळी मला वर बोलावलं. पंगत आली. सासऱ्यांचे ओठ आणि शब्द बरोबर जुळले. खुर्चीतून उत्तर आलं, “घातलं हो, घातलं.” वृंदा स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. ती रडत होती हे मला पाठीवरून कळलं.

ही गोष्ट इमारतीत पसरली, मग कारखान्यांत. लोक फोन, मेमरी कार्ड घेऊन यायला लागले. ती कुलूप काढायची नाही. जाळीतून हात बाहेर काढून घ्यायची, जाळीतूनच परत द्यायची. शहाद्याकडचा सुकलाल मला चांगला आठवतो. इथल्या रांधा गावातल्या एका युनिटमध्ये कामाला होता. गावी बाप अंथरुणावर असताना त्याने व्हिडिओ काढायला घेतला, बाप बोलत असतानाच फोनची बॅटरी संपली. “ताई, बाप मेला आता. ते ओपनच नी होत. दुकानवाला बोलला, डिलीट मार.” वृंदाने त्याला समजावलं की चित्रीकरण नीट बंद झालं नाही, म्हणून फाइलला शेवटी लागणारी अनुक्रमणिका लिहिलीच गेली नाही, आतलं बरंचसं असेल, फक्त कुठे काय आहे ते फोनला कळत नाही. त्याच फोनवरचा दुसरा धड व्हिडिओ नमुना म्हणून घेऊन तिने ते परत बांधलं. मधेच चित्र थिजायचं, आवाज मात्र चालू राहायचा. बाप अहिराणीत विचारत होता, पोरांच्या शाळेचं काय? सुकलाल जिन्यात बसून पुन्हा पुन्हा ऐकत राहिला. वृंदा जाळीच्या आत तशीच उभी होती. दोघांमध्ये ती जाळी होती आणि दोघांनाही कुठे जायचं नव्हतं.

मी तिला संत बनवून लिहीत नाहीये. ती चिडायची, भांडी आपटायची, प्रशांतशी आठ-आठ दिवस बोलायची नाही. एकदा विचारलं, सासूबाईंचा राग नाही येत? “येतो ना. पण काढू कुणावर? काल मी ओरडले, हे त्यांना आज आठवत नाही. मलाच आठवतं.” नाशिकच्या जुन्या स्टुडिओने तिला परत बोलावलं होतं. तिने पुण्याच्या दिरांना विचारलं, आईंना वर्षभर न्याल का? ते म्हणाले, जागा बदलली की त्यांचा त्रास वाढेल. हे खरंही होतं, म्हणूनच तिला भांडता आलं नाही. एका रविवारी मी सासूबाईंजवळ बसले आणि बळेच तिला वनगंगेच्या बागेत पाठवलं, म्हटलं, तळ्याकाठी बस, भेळ खा, संध्याकाळीच ये. ती लगेच परत आली. “बसले, ताई. लोक बोटीत बसत होते. मला काय करायचं तेच कळेना...” आणि किल्लीचा दोरा परत गळ्यात घातला.

मग डोकं दुखायला लागलं. स्क्रीनमुळे असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं सगळ्यांनीच धरून चाललं. डॉक्टरांनी वापीला जाऊन तपासणी करायला सांगितली होती. ती पुढे ढकलत राहिली, कारण पूर्ण दिवस जाणार होता. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं नंतर कळलं.

याला आता काही आठवडे झाले. सासूबाईंची तब्येत ठीक आहे. पुण्याचे दीर दहाव्याला आले, दोन दिवस राहिले. प्रशांतने नोकरीत रात्रपाळी मागून घेतली आहे. दिवसा तो, रात्री एक नर्स. सासूबाईंना वृंदाचं नाव आठवत नाही. ‘ती पोरगी’ म्हणतात आणि खोल्याखोल्यांतून शोधतात. पलंगाखाली, पडद्यामागे. कोणी सांगितलं की ती गेली, तर त्या विचारतात, किल्ली देऊन गेली का?

परवा प्रशांतने मला वर बोलावलं. सुकलालसारख्या कुणाचं काही अर्धवट राहिलं असेल तर परत करावं, म्हणून तो लॅपटॉप बघत होता. त्यात त्याला वृंदाचे बरेच छोटे व्हिडिओ मिळाले. आवाज आणि चित्र जुळतंय का हे तपासायला ती कॅमेऱ्यासमोर बसून एक टाळी वाजवायची. टाळीचा आवाज आणि हात मिटणं एकाच क्षणी यायला हवं. सगळ्यांत तेच. तोच गाऊन, मागे तीच खिडकी, एक टाळी, संपलं. एका व्हिडिओत मात्र टाळीनंतर ती लगेच बंद करत नाही. आतून सासूबाईंचा आवाज येतो, “कोण आलं?” वृंदा मान वळवते. “कोणी नाही, आई. मीच आहे.” आणि हात पुढे करून कॅमेरा बंद करते.

प्रशांतने तो लावला तेव्हा सासूबाई हॉलमधल्या कपाटामागे वाकून बघत होत्या. आवाज ऐकून त्या थांबल्या, सरळ झाल्या, हळूहळू येऊन खुर्चीत बसल्या.

“घरातच आहे,” त्या मला म्हणाल्या. “मला वाटलं, गेली.”