आवाज गेल्यावर शिकलेलं शिवणकाम

गळ्याच्या ऑपरेशननंतर माझा आवाज बसला तो बसलाच. शाळेत मी मराठी शिकवायचे. ऑपरेशननंतर वर्गात तोंड उघडलं, की पहिल्या बाकावरची मुलंसुद्धा "काय म्हणालात बाई?" विचारायची. एक सत्र तसंच रेटलं आणि मग राजीनामा दिला.

घरी बसल्यावर मी कुणाशी बोलेनाशीच झाले. शिवणाची हौस मात्र जुनी होती. सुट्टीत मुलीचे फ्रॉक मीच शिवायचे. तीच मुलगी, आता कॉलेजात जाणारी, एक दिवस म्हणाली, "आई, नीट शीक की आता." आणि मला नवी पेठेत, ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईंच्या दुकानात घेऊन गेली. त्यांच्या घरी तेलुगू बोलायचे; सगळ्या जणी त्यांना अक्का म्हणत.

दुकानात मशिनींचा एवढा खडखडाट, की कुणाचंच कुणाला ऐकू जायचं नाही. बायका हातवारे करून बोलायच्या, हसायच्या. कितीतरी महिन्यांनी चारचौघींत बसून मला अवघडल्यासारखं झालं नाही.

अक्कांनी शिवायला काहीच दिलं नाही. जुन्या ब्लाउजांचा ढीग पुढ्यात टाकला.

"आधी उसवा. कापड फाटू द्यायचं नाही."

"किती दिवस?" मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"कंटाळा येऊन जाईपर्यंत की!"

उसवता उसवता कळत गेलं, बाही कुठून लागते, गळ्याची पट्टी आत कशी दुमडतात. पुढं मी शिवायला लागले आणि अक्का माझीच शिवण उसवायला लावू लागल्या. एकदा बाही पुन्हा उलटी लागली, तशी मी मशीन सोडून उठले. डोळे भरून आले होते. अक्कांनी चहा मागवला. म्हणाल्या, "माझी पहिली बाही सासूनं लावून दिली होती. मीबी लई रडले." चहा पिऊन मी परत बसले.

हात बसल्यावर शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत मी मशीन टाकली. एका दुपारी एक बाई आल्या. मुलीचं लग्न होतं, हातात छान रेशमी कापड आणि मापाला एक जुना ब्लाउज. पण टेप जवळ नेली की मागं सरकायच्या.

"जुन्या मापानंच शिवा," एवढंच म्हणत होत्या. पदर एका बाजूला घट्ट धरलेला.

मी माझ्या घोगऱ्या, दबक्या आवाजात विचारलं, "काही अडचण आहे का?"

त्या जवळ सरकल्या. त्यांचाही आवाज आपोआप खाली आला. "एका बाजूचं ऑपरेशन झालंय हो. टेलरकडं माणसांत कसं सांगायचं?"

मी ब्लाउजला आतून मऊ सुती कापडाचा खिसा केला, त्यात कापसाची गादी बसवली. दोनदा उसवावं लागलं. शेवटी त्यांनी घालून पाहिला. आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि पदरावरचा हात सोडला.

"आता फोटोत पुढं उभी राहते," त्या म्हणाल्या, आणि मला हसू आलं, त्यांनाही.

त्यांनी पुढं आणखी दोघींना माझ्याकडं पाठवलं. अशा कुणी आल्या, की मी दार लोटून घेते, पाणी देते, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलते. टेप मग सावकाश काढते.