भिंतीपलीकडची बाई

आमच्या शेजारच्या वकिलांइतका भुतांवर अविश्वास असलेला माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्या घराइतकं भुताटलेलं घरही दुसरं पाहिलं नाही. ऐंशीचं दशक नुकतंच कुठे सुरू झालं होतं. जर्सी सिटीतल्या एका जुन्या विटांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड होतं, आणि बैठकीच्या खोलीच्या भिंतीपलीकडे त्यांचं. मी साताऱ्याहून थेट विमानात बसून आलेली, कडेवर तान्हं बाळ, डोक्यात बी.ए.ची हवा. आज ती मुलगी मला कुठे भेटली तर आधी एक धपाटा घालीन आणि मग पानावर बसवीन. आपल्याला इंग्रजी येतं असं ती सगळ्यांना सांगायची, आणि फोन वाजला की बाळाला घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसायची.

वकील नागपूरचे. उंच, काटकुळे, बारा महिने निळा टाय. घरात फोटो एकच, आपली राज्यघटना लिहिणाऱ्यांचा, आणि त्याखाली दोन पुस्तकं, एक आपली घटना नि एक इथली. इथली इतकी किडमिडीत की मी तिला कपडे धुण्याच्या मशीनचं माहितीपत्रक समजले होते. "आपली जाड काहून आहे सांगू का वहिनी? लिहिणाऱ्यांना आपले लोक पक्के ठाऊक होते," असं ते म्हणत. त्यांच्या बुटांना रबरी तळ असत, त्यामुळे ते येत नसत, असत. तळघरात कपडे धुवायला जावं, मशीनचं झाकण लावून वळावं, तर मागे निळा टाय. "दचकता काहून? मीच आहो." तेच तर भीतीचं कारण होतं, पण सांगायचं कसं!

ते गरिबांचे वकील होते. म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या एका कचेरीत बसून, ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे खटले ते चालवत, आणि त्यातही इंग्रजी न येणाऱ्यांचे. वाचता न येणाऱ्या कागदावर सही घेऊन कुणाला घराबाहेर काढलेलं असे, कुणाचं पोर इंग्रजी येत नाही म्हणून मतिमंदांच्या वर्गात बसवलेलं असे. आमच्या ह्यांना हे अजिबात पटत नसे. "सरकारच्या पैशानं सरकारवरच खटला? कुठला न्याय हा?" असं हे पोहे खाता खाता विचारत. वकील शांतपणे शेंगदाणे बाजूला काढत म्हणत, "कुलूप सरकारनं लावलं भाऊ, तर किल्लीचा खर्चही त्यानंच करावा." मग ते बाजूला काढलेले शेंगदाणे सगळ्यात शेवटी एकदम खात. तीही त्यांची एक रीत.

एकदा मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. जानेवारी महिना, चार वाजताच अंधारून आलेलं, दार किलकिलं. आत दिवा नाही. डोळे सरावले तेव्हा दिसलं, खोलीत अर्धगोलात खुर्च्या मांडलेल्या आणि प्रत्येक खुर्चीच्या अंगात एकेक कोट. एकीच्या पाठीवर बायकी रुमाल. प्रत्येकीसमोर वाफाळता चहा. आणि वकील जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून बसलेले. माझी चाहूल लागताच त्यांनी खुर्च्यांकडे वळून सांगितलं, "शेजारच्या वहिनी आल्या." विरजण तिथंच राहिलं आणि मी आमच्या घरात पोचले ती दाराला कडी घालूनच थांबले. पुढे कधीतरी त्यांनी खुलासा केला. कोर्टात ज्यांच्या वतीनं बोलायचं, त्यांच्यासमोर आधी बोलून पाहायचं. कोट जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणलेले, ज्याच्या त्याच्या मापाचे. "माप असलं की माणूस विसरता येत नाही." दिवा का नाही? "अंधारात बोलणं नीट ऐकू येते." आणि चहा? यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या आईवडिलांनी मला काहीच वळण लावलं नसावं. "आलेल्या माणसाला चहा नको विचारायले?"

पण खरी गोष्ट भिंतीची. त्या हिवाळ्यात रोज सकाळी वकील बर्फातून स्टेशनकडे जाताना मला खिडकीतून दिसत, आणि ते गेल्यावर दिवसभर त्यांच्या रिकाम्या घरातून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येत राही. खालच्या पट्टीतला, सपाट, तेच तेच बोलणारा. शेवटी स्वर जरासा वर जाई, प्रश्न विचारल्यासारखा. मग आवाज थांबे. ते थांबणं बोलण्याहून वाईट होतं, कारण ती उत्तराची वाट पाहते आहे हे भिंतीच्या अलीकडेही समजत असे. उत्तर येत नसे. मग पुन्हा पहिल्यापासून.

मी स्टीलची वाटी भिंतीला लावून ऐकायची, बाळ मांडीवर. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, "त्यांनी बायकोला मारून घरात ठेवलंय."

"अगं, त्यांचं लग्नच झालेलं नाही."

"बघा! म्हणजे पत्तासुद्धा लागू दिला नाही."

हे पेपरमागे हसले. मी मात्र बी.ए.ची सगळी बुद्धी पणाला लावून उतारा टाकायचं ठरवलं. दहीभात कालवला, त्यावर हळदकुंकू वाहिलं, लिंबू ठेवलं, मिरची म्हणून इथली ती ढब्बू हिरवी मिरची खोचली आणि तिन्हीसांजेला वाडगा त्यांच्या दारात ठेवून मागे न बघता परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात वकील, हातात घासलेला वाडगा.

"दहीभात फस्त, वहिनी. मीठ थोडं कमी होतं. पण वरून कुंकू काहून टाकलं? दात अजून लाल आहेत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्यासाठी नव्हता तो. त्या बाईंसाठी होता."

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. दोन पावलं पुढे आले आणि हळूच म्हणाले, "तुम्हाला ऐकू येते ती?" त्यांच्या डोळ्यांत एवढा आनंद होता की माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

मग त्यांनी आत नेऊन दाखवलं. आमच्या सामाईक भिंतीला टेबल, टेबलावर टेपरेकॉर्डर, कॅसेट आपोआप उलटून पुन्हा लागणारा, आणि त्याचं तोंड भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे. आवाज एका जिवंत बाईचा होता. काही वर्षांपूर्वी ती थंडीत घरच्या सपाता घालून अनोळखी दारं ठोठावत फिरताना पोलिसांना सापडली. कागदपत्र नाही, इंग्रजीचा शब्द नाही. कुणाला तिची भाषा ओळखता येईना, म्हणून डॉक्टरांनी लिहिलं की ही निरर्थक बडबड आहे, आणि तिला वेड्यांच्या सरकारी इस्पितळात ठेवलं. तशी सुनावणीही झाली होती, सगळी इंग्रजीत. "तिच्यासमोर तिच्याचबद्दल बोलले, वहिनी. ते भिंतीशी बोलले असते तरी तेवढंच झालं असतं." वकिलांनी न्यायाधीशांकडून पुन्हा सुनावणी मिळवली होती. पण सरकारी बाजू म्हणत होती, भाषेचं नाव सांगा, मग दुभाष्याच्या पैशाचा विचार करू. नाव नाही तर दुभाषा नाही, आणि दुभाषा नाही तर बाई जन्मभर तिथंच. त्यात वॉशिंग्टनला नवं सरकार आलेलं, अशा कचेऱ्यांचे पैसे तोडायला निघालेलं. उन्हाळ्याच्या आत कचेरीला टाळं लागणार होतं, आणि त्यानंतर तिच्यासाठी उभं राहणारं कुणीही नव्हतं.

"मग दिवसभर ती कॅसेट माझ्याच डोक्यावर कशाला?"

"तुम्ही दिवसभर घरी असता. कान चांगले आहेत. नुसते वाया चालले होते."

त्या संक्रांतीला माझ्या हळदीकुंकवालाही ते टेपरेकॉर्डर घेऊन आले. तिळगूळ घेतला, नमस्कार केला आणि जमलेल्या बायकांमध्ये बटण दाबलं. "ऐका जरा, ओळखीचं वाटते का?" खोलीत तो आवाज पसरला आणि बायकांच्या हातातलं वाण हातातच राहिलं. पुण्याच्या एका काकूंनी कोकणी आहे म्हणून सांगितलं, मी ठामपणे तेलुगू म्हटलं, कारण मला न कळणाऱ्या सगळ्या भाषा तेव्हा तेलुगू असत. मग प्रश्नाचा तो वर जाणारा स्वर आला, आणि थांबला. रेडिएटरमध्ये पाणी टकटकत होतं. एका बाईनं पदर डोक्यावर घेतला. पुढच्या वर्षी बऱ्याच जणींना नेमकं त्याच दिवशी दुसरीकडे काम निघालं. वकिलांनी मात्र वाण्याचं दुकान, न्हाव्याची खुर्ची, आगगाडीचा डबा, काही म्हणून सोडलं नाही. लोक त्यांना पाहून रस्ता बदलायचे.

मार्चमध्ये मी बाळाला लस टोचायला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. खोली माणसांनी गच्च. बाळानं आभाळ डोक्यावर घेतलं. त्याला थोपटताना मी गुणगुणायला लागले आणि काय गुणगुणते आहे हे माझं मलाच कळलं नाही. हिवाळाभर ऐकून ते सगळं बोलणं माझ्या जिभेवर बसलं होतं, अक्षर अन् अक्षर. शेवटी स्वर वर गेला, आणि मी नेहमीच्या जागी थांबले.

मागून उत्तर आलं.

त्याच भाषेत. वळून पाहिलं तर केसाळ टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ, काठीवर दोन्ही हात आणि गाल ओले. मोडक्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "बाई, हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "भिंतीनं." त्याहून बरं इंग्रजी मला सुचलं नाही. मग मी दवाखान्यातल्या नाण्याच्या फोनशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन फोन लावला. वकिलांच्या कचेरीत.

ती भाषा काळ्या समुद्रापलीकडच्या डोंगरातली निघाली. तिचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही, हे त्या गृहस्थांना शेवटपर्यंत फार गमतीचं वाटे. बाई म्हणत होती, "चूल पेटती ठेवून आलेय. मुलगा कामावरून यायचाय. उशीर झाला. येऊ मी?" मुलाचं नाव कळल्यावर वकिलांनी चौकशी केली, तेव्हा समजलं की ती पोलिसांना सापडली त्याच दिवशी मुलगा कामावर अपघातात गेला होता, ती त्यालाच शोधायला बाहेर पडली होती. आणि त्यांच्याकडे अशी रीत, की 'येऊ मी?' म्हटल्यावर समोरच्यानं 'ये' म्हणेपर्यंत उठायचं नाही. वकील हे ऐकून बराच वेळ टाय चाचपत बसले. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? उंबऱ्यात 'येते हं' म्हणून आपण थांबतोच की, आतून 'या' ऐकू येईपर्यंत. ती बाई वेडी नव्हती, अडाणी नव्हती. ती शहाण्या घरच्या पाहुणीसारखी निरोपाची वाट पाहत बसली होती.

सुनावणीला मी बाळासकट मागच्या बाकावर होते. बाई एवढीशी, हात मांडीवर, बोटं भांडं ढवळल्यासारखी हलणारी. वकील काय काय बोलले ते कायद्याचं मला कळलं नाही, पण ते बोलताना मधूनच शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत, तेव्हा मला एकटीलाच त्याचं कारण माहीत होतं. टोपीवाल्या गृहस्थांनी न्यायाधीशांचा एकेक प्रश्न तिला सांगितला. तिनं सगळी उत्तरं दिली, नाव, गाव, मुलाचं नाव. तो गेल्याचं गृहस्थांनी तिला आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं. तरी त्याचं नाव घेताना ती दाराकडे पाही. मग तिनं विचारलं, "येऊ मी?" आणि थांबली. तीच ती जागा. सगळं कोर्ट भिंतीसारखं गप्प. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हो, बाईसाहेब. या आपण." गृहस्थांनी ते तिच्या भाषेत सांगितलं. ती उठली, खुर्ची नीट सरकवून ठेवली आणि दाराकडे चालू लागली.

दुभाष्याचं मानधन सरकारनं द्यायचं असाही हुकूम झाला. गृहस्थ घेईनात. वकील चिडले, मी त्यांना चिडलेलं तेवढं एकदाच पाहिलं. "घ्या! फुकट केलं तर उपकार होतो. पैसे घेतले तर तिचा हक्क होतो, आणि पुढच्यासाठी वाट राहते."

घरी आलो. सुनावणीच्या दिवसापर्यंत कॅसेट चालूच होती, म्हणून मी सवयीनं भिंतीपाशी बसले. शांत. संध्याकाळी वकिलांना म्हटलं, "बरं केलंत, बंद केलीत." ते म्हणाले, "मी बंद नाही केली, वहिनी. आता येऊन पाहिलं तर फीत तुटलेली. इतकी वाजल्यावर तुटायचीच." मी हो म्हटलं.

बाई त्या गृहस्थांच्या नातलगांकडे राहायला गेली. कचेरीला उन्हाळ्याआधीच टाळं लागलं. वकिलांनी कोट आले तिथं परत देऊन टाकले आणि दूर कुठेतरी शिकवायला जायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला टेपरेकॉर्डरसमोर बसवलं. "घरात रोज बोलता तेच बोला. तुम्हीही इथंच म्हाताऱ्या होणार. तेव्हा कुणाला तरी तुमची भाषा शोधावी लागली, तर?" मी खूप हसले. भाजी, बाळ, ह्यांच्या तक्रारी, असं अर्धा तास बोलले आणि उठताना सवयीनं म्हटलं, "बरं, येते हं." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, थोडं थांबून मशीन बंद केलं आणि मगच म्हणाले, "या. तुमचं 'येते' घेतलं. पुढची जागा मोकळी सोडली आहे."

मागच्या वर्षी माझं खुब्याचं ऑपरेशन झालं. गुंगीत मी तासभर एकच काहीतरी बोलत होते म्हणे. नर्सनं म्हातारी भ्रमिष्ट झाल्याचं लिहायला घेतलं, तर आमची नात फणकारली, "शी इज नॉट कन्फ्यूज्ड. शी इज मराठी!" तिथल्याच भिंतीवर एक पाटी होती, दुभाषा मोफत मिळेल म्हणून, कितीतरी भाषांमध्ये. शुद्धीवर आल्यावर मी नातीला विचारलं, काय बोलत होते गं मी? "आजी, यू केप्ट सेइंग, येते हं, येते हं. अँड देन यू वेटेड."

"मग तू काय म्हणालीस?"

"आय सेड, नो. बस, आजी. बस."

वकील कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. पण असतील तिथं एखाद्या अंधाऱ्या खोलीत ती कॅसेट असेल, तिच्यात माझा तरुण, आगाऊ आवाज, आणि त्याच्यापुढची ती मोकळी जागा. समोरच्या खुर्चीवर माझ्या मापाचा कोट असेल. आणि त्यांच्या हातून एवढी चूक व्हायची नाही, म्हणजे चहाही.